जागवलेल्या पेशी

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर लालसर काड्यांसारखे जंतू दिसले आणि डॉ. मृणाल वैरागडे खुर्चीतून उठल्याच. चंद्रपूरजवळच्या त्या संशोधन केंद्रात २०६३ साल उजाडेपर्यंत चार वर्षं कुष्ठरोगाचा एकही नवा रुग्ण आला नव्हता. आज आली होती पौर्णिमा मडावी. वय चोवीस, कोपराजवळ एक बधिर चट्टा.

"जिवंत आहेत, सर," त्या म्हणाल्या. केंद्रप्रमुख डॉ. उईके पडद्यापाशी येऊन वाकले.

शेजारच्या खोलीत पौर्णिमाजवळ शेवंताबाई बसल्या होत्या. वय एकाहत्तर. त्यांचा रोग चाळीस वर्षांपूर्वीच गोळ्यांनी पूर्ण बरा झाला होता, पण मेलेले मज्जातंतू परत आले नव्हते. दोन्ही हातांची बोटं वाकडी आणि बधिर झाली होती. पायात खिळा रुतला तरी फरशीवर रक्त दिसल्यावरच कळायचं. मज्जातंतू पुन्हा वाढवण्याच्या नव्या उपचाराच्या पहिल्या प्रयोगासाठी त्यांनी आठ वर्षांपूर्वी नाव दिलं होतं.

"हा जंतू मज्जातंतूभोवतीच्या पेशीत शिरतो," मृणाल दोघींना सांगू लागल्या, "आणि तिला तिचं वय विसरायला लावतो. ती पुन्हा कोवळी मूळपेशी होते. त्याला पसरायला ते सोयीचं. पण अशी कोवळी पेशी तुटलेला मज्जातंतूही वाढवू शकते. ती जागवायची कशी, हे आम्हाला जंतूकडूनच शिकायचंय."

"मग वाढवा की बाटलीत," शेवंताबाई म्हणाल्या.

"काचेत तो वाढत नाही. प्राण्यांत जपलेला शेवटचा नमुनाही गेला. आता फक्त पौर्णिमाच्या अंगात आहे. आणि गोळ्या सुरू केल्या की थोड्याच दिवसांत मरेल."

पौर्णिमाने विचारलं, "मी दोन महिने गोळ्या नाही घेतल्या तर पुरेल तुम्हाला?"

"पुरेल. पण तुझी करंगळी आत्ताच ढिली पडलीय. दोन महिन्यांत हात जाऊ शकतो."

"आजींना दोन्ही हात मिळतील ना पण?"

शेवंताबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "मी थांबले होते, पोरी. लग्न मोडेल म्हणून दोन वर्षं चट्टा पदराखाली झाकला. लग्न मोडलंच, आणि हातही गेले. डॉक्टरबाई, पाणी मागवा. माझ्यासमोर गोळ्या घेऊ दे हिला."

मृणाल जागच्या हलल्या नाहीत. शेवटी दारात उभ्या असलेल्या डॉ. उईकेंनीच पेला भरून आणला.

पौर्णिमाने गोळ्या घेतल्या. वर्षभर घेतल्या. गोळ्यांनी कातडी काळवंडली म्हणून ती कुरकुरली, की शेवंताबाई तिला गप्प करायच्या आणि दोघी बोटांचे व्यायाम करायला बसायच्या. करंगळीत बळ आलं. चट्ट्यावर कापूस फिरवला तर ती डोळे मिटूनही ओळखू लागली.

उपचार संपल्यावर नेहमीप्रमाणे त्वचेचा कणभर तुकडा तपासला गेला. जंतू एकही जिवंत नव्हता. तरीही मृणालनी पुन्हा पुन्हा पडदा पाहिला.

"सर, या पेशी अजून कोवळ्याच आहेत. जंतू मेले, तरी पेशी म्हाताऱ्या झाल्या नाहीत."

"का होतील?" डॉ. उईके हळूच म्हणाले. "औषध आपण जंतूला दिलं होतं, पेशीला नाही. जंतूने त्या जागवल्या, आणि तो गेला. गोळ्या द्यायचं थांबलो असतो तर त्याने त्या पोखरून टाकल्या असत्या."

मृणाल पडद्यावरून वळल्या. "आणि जंतू काचेत वाढत नाही. पेशी वाढते."

पौर्णिमाच्या परवानगीने पेशी वाढवल्या गेल्या. त्यांनी सोडलेल्या द्रवातून पेशी जागवणारा रस वेगळा निघाला. वर्षभराच्या चाचण्यांनंतर तो शेवंताबाईंच्या मनगटात टोचला. सहा महिने काहीच झालं नाही. सातव्या महिन्यात बोटांना मुंग्या येऊ लागल्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी पौर्णिमा भेटायला आली आणि नेहमीसारखा त्यांचा हात हातात घेऊन बसली. शेवंताबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी आपली वाकडी बोटं तिच्या बोटांभोवती हळूहळू आवळली.

"अगं, किती गारठलेत हात तुझे!" त्या म्हणाल्या. "थंडीचं काही अंगात घालून येता येत नाही तुला?"