तानाकाकूंच्या दुकानातला राजकुमार

बसमध्ये चढताना दाराच्या पत्र्यात माझी बाही अडकली आणि खांद्यापासून टर्रकन फाटली. बुलढाण्याला नर्सिंगची तोंडी परीक्षा होती! बस सोडली आणि देऊळघाटच्या स्टँडसमोरच्या तानाकाकूंच्या शिलाई दुकानात धावले. मशीनवर एक अनोळखी तरुण बसला होता.

“काकू जेवाले गेल्या. मी शिवून देऊ?”

“तुमाले येते?”

तो नुसता हसला. सुईत दोरा ओवून जवळ आला. “हलू नका… टोचीन.”

मी श्वास रोखून उभी. “नाव काय तुमचं?”

“राजकुमार.”

“अन् राजवाडा?”

“हा काय, पत्र्याचा.”

मला हसू फुटलं. “हसू नका ना… टाका चुकते.”

“इतकं छान कुठं शिकले?”

त्याचा हात थांबला. “सुधारगृहात. सोळा वर्षांचा होतो. जत्रंत भांडण झालं, मी एका पोराचा हात मोडला.” मग हळूच — “लोकायकून कळण्यापरीस मीच सांगितलं.”

मी पैसे ठेवले आणि स्टँडकडे धावले. दुसऱ्या बसमध्ये मात्र हात सारखा त्या टाक्यांवर जात होता.

पुढच्या आठवड्यात ब्लाउज घेऊन गेले. मग आईचा परकर. मग नुसतीच.

“आज काय फाटलं?”

“काहीच नाही. काऊन, येऊ नाही का?”

त्याचे कान लाल झाले.

गावात कुजबुज झाली, बाबांपर्यंत पोचली. माझे बाबा, वामनराव, ताटावरून उठले. “त्या पोराले घरी बोलाव.”

तो आला. उंबऱ्याशीच उभा राहिला.

“पुन्हा राग आला तं?” बाबांनी विचारलं.

“राग येते, काका. आता मी उठून दूर चालत जातो. शांत झालो का वापस येतो. त्या पोराच्या घरी माफी मांगाले गेल्तो. तो बोलला नाही. मी आणखी जाईन.”

बाबांनी त्याला खुर्ची दाखवली. मग आत वळून म्हणाले, “सुचिता, चहा ठेव. त्याचाही.” आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी कप पुढे केला. तो कुजबुजला, “तुले भेव नाही वाटत माह्यं?”

“वाटते ना. तू नाही म्हणशीन याचं.”

“कशाले नाही म्हणीन?”

“लग्नाले, येड्या…”

चहा बशीत सांडला.

“हाव, करीन ना!” तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं, की ओट्यावर बाबा उगाचच खोकले.