बोरीची फांदी

आरिफाबाई मुळशीला गेल्या त्या कोरा कॅनव्हास, रंगांची पेटी आणि चार दिवसांचे कपडे घेऊन. लेकीला, आलियाला, एवढंच सांगितलं, "चित्र काढायला चाललेय." पौडच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईंनी असं म्हटल्यावर शंका कोण घेणार?

खरं कारण पोटात होतं. गेल्या हिवाळ्यात धरणाच्या याच काठावर त्या आभाळ रंगवत बसल्या होत्या. त्यांचे यजमान शाकिर पौडात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते रविवारी हौसेनं सोबत यायचे आणि बायकोचे ब्रश रॉकेलात धुऊन द्यायचे. रॉकेलनं ब्रश खराब होतात, हे आरिफाबाईंनी हजारदा सांगून पाहिलं. पाट्यावाल्याची सवय, ती कशी जाणार? त्या दिवशी ते हात धुवायला पायवाटेनं पाण्याकडे उतरले. "आलोच," म्हणाले. आरिफाबाईंनी मान वर केली नाही. ढगाची कड चुकत होती.

ढग सुरेख जमला. शाकिर गाळात रुतले ते वर आलेच नाहीत. तेव्हापासून आरिफाबाईंच्या हातून निसर्ग उतरायचा तो काळाच. डोंगर काळा, पाणी काळं.

आता त्यांनी काठावरच्या गंगूबाईची मागची खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्याच दिवशी ती पायवाट रंगवली, थेट पाण्यापर्यंत. हे शेवटचं चित्र. मग त्याच वाटेनं आपणही उतरायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

सकाळी पाहतात तर चित्रातल्या वाटेवर बोरीची काटेरी फांदी आडवी. रंग ओला. आणि खोलीभर रॉकेलचा वास...

"गंगूबाई, खोलीत कोण आलं होतं?"

"कुणीबी न्हाई. किल्ली तुमच्यापाशीच हाय की." गंगूबाईनं नाक फुलवून वास घेतला. "आन् रॉकेल कुटनं आनलं, बाई? रेशनला मिळायचं बंद हूनशानी लई दिस झालं."

आरिफाबाईंनी सुरीनं फांदी खरवडून काढली. दुसऱ्या सकाळी ती परत तिथंच होती, काट्याला काटा तसाच. तरी त्या उठल्या, चपला घातल्या आणि निघाल्या.

बाहेर धुकं असं दाट की आपलंच पाऊल दिसेना. पायवाट अर्धी उतरल्यावर हाताला काहीतरी टोचलं. बोरीची फांदी, वाटेवर आडवी. बोटावर रक्त आलं, आणि रक्ताशेजारी ओला हिरवा रंग.

"थांबा, बाई." मागून गंगूबाई धापा टाकत आली. "फुडं जाऊ नगा. फांदी टाकलीया, म्हंजी वाट बंद हाय."

"कुणी टाकली?"

गंगूबाई वाकली, नीट बघितलं आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "वाट बंद करनारा बुंधा धरून फांदी वढतो, बाई. बुंधा ज्या अंगाला, त्या अंगाला त्यो मानूस..."

बुंधा पाण्याच्या बाजूला होता.

खालून, धुक्यातून, खळखळ आवाज आला. डब्यात ब्रश धुताना येतो तसा. या वेळी आरिफाबाईंनी मान वर केली. दिसलं काहीच नाही. अंगावर सरसरून काटा आला, पण वर्षभरात पहिल्यांदाच छातीतलं ओझं हललं. "आलोच" म्हणून गेलेला माणूस आला होता, आणि तो आपल्याला न्यायला आला नव्हता.

"फार उपकार झाले तुमचे," त्या धुक्याला म्हणाल्या आणि रडत रडत मागं फिरल्या.

आता त्यांच्या चित्रांत भातखाचरांचा हिरवा असतो, डोंगरावर पिवळं ऊन असतं. रोज सकाळी त्या आधी शाकिरचे आभार मानतात, मग रंगांची पेटी उघडतात. ते जुनं चित्र पौडच्या घरात भिंतीवर आहे. तैलरंग वाळायला वेळ घेतो हे खरं, पण किती? दोन वर्षं झाली. परवा आलिया त्यावरची धूळ पुसत होती. ती मध्येच थांबली, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाली,

"अम्मी... ही फांदी अजून ओली कशी?"