दातांच्या डॉक्टरचं कडवं

शेवटचं कडवं हरवलंय हे आम्हाला कळलं ते ओवेकाकाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, भर जेवणात.

डेन्मार्कमधल्या आमच्या फोबोर्ग गावच्या खानावळीत सगळं गणगोत जमलं होतं. प्रत्येकाच्या ताटाशेजारी रिबिनीत गुंडाळलेला गाण्याचा कागद होता. आमच्याकडे समारंभ म्हटला की गाणं लागतंच. ओळखीची चाल घ्यायची, तिच्यावर उत्सवमूर्तीची थट्टा करणारी नवी कडवी बसवायची आणि सगळ्यांनी कागदात बघून गायचं. एकदा सुरुवात केली की मध्येच थांबायचं नाही. कागदावर असेल ते शेवटपर्यंत म्हणायचं.

चार कडवी झक्क झाली. काका लाजला. काकूनं डोळे पुसले. मग पाचवं आलं...

…ढ उपटली, दाढ उपटली अवघ्या गावाची,
आता खुर्ची रिकामी ती होल्गरच्या नावाची!
तोंडात आमच्या हात घातला, चावलं नाही कुणी,
आ करा रे, आ करा रे, गाऊ निरोपाची गाणी!

आम्ही ते म्हटलं. सुरुवातीचा तो एकटा ‘ढ’सुद्धा म्हटला. चाल तीच होती, त्यामुळे कुठे अडलं नाही. शेवटी तीनदा हुर्रे केलं आणि खाली बसलो. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“हा होल्गर कोण?” काकूनं काकाला विचारलं.

गाणं छापून आणायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून सोमवारी शाळेतलं काम आटोपल्यावर तो कागद घेऊन मी आक्सेलच्या छापखान्यात गेलो. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आत आक्सेलची मुलगी सिसेल बसली होती. केसांत पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल ती टेबलावर शोधत होती. ही सिसेल पुढे माझी बायको झाली. गेल्या नोव्हेंबरात ती गेली. पण त्या सोमवारी ती पेन्सिल शोधत होती.

“तक्रार आहे,” मी म्हणालो.

“दातांची?”

“म्हणजे तुम्हाला कळलंय.”

“गावात कुणाला कळायचं राहिलंय? सकाळपासून जो येतो तो दारातच आ करतो.” तिनं कागद माझ्या हातातून घेतला. “काकू फार रागावल्यात?”

“काका म्हणतो, मी कुठल्या होल्गरला ओळखत नाही. काकू म्हणते, म्हणजे नक्कीच ओळखतोस.”

ती हसली. मी हसायचं नाही असं ठरवून आलो होतो... ते जमलं नाही. मग तिनंच कागद टेबलावर ठेवला.

“होल्गर म्हणजे शेजारच्या गावचे दातांचे डॉक्टर. गेल्या आठवड्यात निवृत्त झाले, त्यांचं गाणं आम्हीच छापलं होतं. ते तुमच्या काकूच्या गाण्यात कसं शिरलं, देव जाणे. काकूचं शेवटचं कडवं चांगलं झालं होतं हो. लोक घरी जाताना तेवढंच गुणगुणत जातात. ते कुणी ऐकलंच नाही.”

“पेन्सिल तुमच्या केसांत आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि लाल झाली. “शनिवारी मुख्याध्यापकांच्या घरचं गाणं आहे. त्याचाही शेवट बिघडला, तर बाबा म्हणतात, गाणी बंद. नुसती बिलबुकं छापायची. आणि मला बिलबुकात यमक जुळवता येत नाही.”

“मी शाळेतले कॉम्प्युटर बघतो. इथला बघू का?”

“दातही बघता?”

असं ते सुरू झालं.

आक्सेलचा छपाईचा प्रोग्राम फार जुना होता. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. म्हणून सिसेलच्या चुलतभावानं नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. खरा नव्हे, पडद्यावरच्या एका चौकटीत चालणारा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरचा आणि आतला, दोघांमध्ये एक सामाईक फोल्डर होतं. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये ताटं सरकवायला खिडकी असते, तसं. सिसेल बाहेर गाणं लिहून खिडकीत ठेवायची. आतला प्रोग्राम ते उचलून छापायचा. प्रत्येक गाणं एकाच नावाच्या फाइलमध्ये, कारण आक्सेलच्या प्रोग्रामला दुसरं नाव चालत नव्हतं. आक्सेललाही नाही.

मी रोज संध्याकाळी जायचो. सगळं बंद करायचो, पुन्हा उघडायचो, एखादं जुनं गाणं घालून छापायचो. दर वेळी गाणं शेवटपर्यंत बरोबर यायचं.

“तुम्हाला लाजतं ते,” सिसेल म्हणाली. “तुम्ही गेलात की माझ्या डोक्यावर बसतं. दुपारी छापलेल्या बाप्तिस्म्याच्या गाण्याच्या शेवटी बाळाला बढतीबद्दल शुभेच्छा दिल्यात.”

मी डिस्क तपासली. मेमरी बदलून पाहिली. ती मला कॉफी द्यायची आणि दालचिनीचा गोल पाव. पावाचा मधला मऊ भाग स्वतः खायची आणि कडा मला द्यायची.

“आस्गर, तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणताना जीभ अडखळते,” बुधवारी ती म्हणाली. “मी तू म्हणते. चालेल ना?”

“चालेल.”

“मग तूही म्हण. नाहीतर मी म्हातारी वाटते.”

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की बिघाड सापडला नाही तरी चालेल. गाणी मात्र वाचली पाहिजेत. या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत, हे मलाही कळत होतं.

शुक्रवार उजाडला. सिसेल पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी बाहेरच्या बाजूला गाण्याची फाइल उघडली, रिकामी केली आणि तपासणीसाठी एक ओळ लिहिली – ‘सिसेल, उद्याचं गाणं नीट पार पडलं, तर रविवारी माझ्याबरोबर बंदरावर मासे खायला येशील का?’

हाताच्या सवयीनं सेव्ह केलं. मग आतल्या चौकटीत जाऊन ते कसं दिसतं ते पाहिलं. आक्सेलच्या नक्षीदार अक्षरांत ते फारच भयंकर दिसत होतं. माझे कान तापले. मी घाईघाईनं बाहेर आलो, सगळं खोडलं, ‘ही फक्त चाचणी आहे.’ एवढंच लिहिलं, सेव्ह केलं आणि हाक मारली.

“सिसेल, छापून बघतेस?”

ती आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं आतल्या चौकटीतलं छपाईचं बटण दाबलं. तिच्या केसांना शाईचा आणि दालचिनीचा वास होता. कागद बाहेर आला. तिनं तो उचलला आणि मोठ्यानं वाचला.

“‘ही फक्त चाचणी आहे. …बर बंदरावर मासे खायला येशील का?’”

मी भिंतीकडे बघत राहिलो.

“आस्गर.”

“हं?”

“प्रिंटर मला मासे खायला बोलावतोय.”

“ते... म्हणजे... मी ते खोडलं होतं.”

“खोडलं होतंस?”

“पूर्ण खोडलं होतं.”

तिनं एकदम टाळी वाजवली. “होल्गर! अरे, होल्गरलाही मी खोडलंच होतं!”

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. मी रोज तपासताना आतलं सगळं बंद करून नव्यानं उघडत होतो. सिसेल मात्र दिवसभर आतला प्रोग्राम उघडा ठेवून बाहेर शब्द बदलत बसायची. आतला कॉम्प्युटर खिडकीकडे पुन्हा नीट बघतच नव्हता. थोडं नवं वाचायचा आणि पुढचं जुनं, आठवणीतलं म्हणून टाकायचा. त्या दिवशी प्रथमच मी तिच्यासारखा वागलो होतो.

“दुरुस्ती सोपी आहे,” मी म्हणालो. बिघाडाबद्दल बोलणं सोपं जात होतं. “सामाईक फोल्डरमध्ये काम करायचंच नाही. गाणं बाहेर पुरतं लिहून संपवायचं, मग त्याची प्रत आतल्याच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायची आणि तिथून छापायचं. आत्ता करून देतो.”

“थांब. इतक्यात काही दुरुस्त करू नकोस.” तिनं मला खुर्चीवरून ढकललं. “तिकडे तोंड कर.”

“कुठे?”

“कॅलेंडर बघ. छान आहे.”

मी कॅलेंडर बघितलं. त्यावर गाय होती. मागे टकटक चालली होती – लिहिलं, थांबली, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग प्रिंटर घरघरला. तिनं कागद माझ्या हातात दिला.

‘छापखाना उद्या बंद राहील. …ईन, पण काटे तू काढायचेस.’

मी तो दोनदा वाचला. तेवढ्यात आक्सेल आत आला. त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला.

“उद्या बंद? कोण म्हणतं उद्या बंद? आणि हे काटे कसले?”

“बाबा, बिघाड सापडला!” सिसेल म्हणाली.

आक्सेलनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“दिसतोय मला,” तो म्हणाला.

शनिवारी आम्ही दोघं खानावळीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं जवळ आलं तशी सिसेलनं माझी बाही घट्ट धरली. मुख्याध्यापकांच्या बायकोनं जिथे रडायला हवं होतं, बरोबर तिथेच तिला रडू आवरलं नाही. शेवटची ओळ पुरी झाली. तीन हुर्रे झाले. मग लोक थोडे घुटमळले. काहींनी कागद उलटा करून पाहिला. मागच्या टेबलावरून एक जण ओरडला, “हे काय, दाढ कुठंय?”

“कृतघ्न मेले,” सिसेल म्हणाली. तिनं बाही मात्र सोडली नाही.

रविवारी मासे खाल्ले. काटे मी काढले. पुढेही मीच काढत आलो.

आमच्याकडे लग्नाला साडेबारा वर्षं झाली की मेजवानी देतात. पंचविसाची अर्धी वाट म्हणून. आमच्या मेजवानीचं गाणं सिसेलनं स्वतः लिहिलं. सहा कडवी झाली आणि कागद संपला. खाली सात ते बारा असे नुसते आकडे छापलेले होते.

“हे काय गं, अर्धंच?” ओवेकाकाची इंगेलीसकाकू म्हणाली. “अर्धं गाणं कुणी देतं का?”

“अर्धी वाट, अर्धं गाणं. बाकीचं पंचविसाव्याला. ऐकायचं असेल तर परत यावं लागेल.”

“मी तोवर टिकायला नको?”

“तुम्हाला काय धाड भरलीय, काकू? तुम्ही होल्गर पचवलात.”

काकू टिकली.

आमचा पंचविसावा आता जवळ आलाय, म्हणून या वसंतात मी त्या गाण्याची फाइल उघडली. सहाव्या कडव्याखाली सात ते बारा आकडे आहेत, त्यांच्यापुढे काही नाही. सिसेल लिहायची थोडं आणि खोडायची फार. म्हणून मी तो आतला जुना कॉम्प्युटरही सुरू करून पाहिला. तो अजून चालतो. तिनं काही लिहून खोडलं असेल, तर एखादं शेपूट मागे राहिलं असेल, असं वाटलं. काही नव्हतं. दुरुस्ती मी पक्की केली होती.

काकू म्हणते, “तूच लिही रे. आम्ही कागदावर असेल ते म्हणू. ‘ढ’ असला तरी म्हणू, तुला माहीतच आहे.” मी सातव्या कडव्याची एक ओळ लिहिली. पेन्सिल माझ्याच हातात होती आणि मी ती टेबलावर शोधत होतो. मग ती ओळ खोडली.

सातपासून बारापर्यंतची कडवी लिहायची राहिली आहेत.