झाडं हिरवीगार, मासे मेलेले

"हळू ओत, हळू! सगळी वाळू उसळतेय!" कप्तान ओरडली.

"मग तूच ओत ना! माझे हात म्हणजे काय क्रेन आहे?" ठिणगीने बादली छातीशी घट्ट धरली. निम्मं पाणी तिच्याच फ्रॉकवर सांडलं होतं.

"बशीवर ओत गं बाई, बशीवर! बशी काय टाकीला जेवायला वाढायला ठेवलीय?" शंकासुर म्हणाला. "आणि या पाण्यातलं क्लोरीन नक्की गेलंय ना? औषधाचे थेंब टाकलेत ना? कोणी टाकले? कधी टाकले?"

"झाली सुरुवात!" दोघी एकदमच म्हणाल्या.

ही तिघं सख्खी-मावस भावंडं. कप्तान सगळ्यात मोठी, म्हणून हुकूम तिचे. तिच्या मावसभावाला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून तो शंकासुर. आणि त्याची धाकटी बहीण कधी पेट घेईल याचा नेम नसायचा, म्हणून ती ठिणगी. सुट्टी लागल्यापासून तिघांचा दिवसभराचा मुक्काम आजोबांच्या ज्येष्ठ निवासातल्या बैठकीच्या खोलीत होता.

आजोबा पोहायला शिकवायचे. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि पोहत बाहेर काढलं होतं. तलावाच्या एका टोकाला ते बोलले की दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. आजी गेली आणि तो आवाज बंदच पडला. आता ते दिवसभर वेताच्या खुर्चीत बसून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत. "आजोबा, पाणी हवं का?" विचारलं तरी मान हलायची नाही.

"ज्या माणसाचा जन्म पाण्याजवळ गेला, त्याच्यापुढे ही भिंत?" एक दिवस कप्तान वैतागून म्हणाली. "आपण त्यांच्यापुढे पाणी आणून ठेवायचं!"

शंकासुराच्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर एक काचेची टाकी धूळ खात पडली होती. निवासाच्या अध्यक्षबाईंनी फोनवरच परवानगी दिली. व्यवस्थापकांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "घाण करू नका म्हणजे झालं. माझ्या खोल्या कशा आरशासारख्या असतात!"

तळाला काळी माती, तिच्यावर सात पाण्यांनी धुतलेली वाळू, मागे उंच आणि पुढे उतरती. मधोमध एक वेडंवाकडं लाकूड. ते पाण्यावर तरंगू नये म्हणून आधी कित्येक दिवस भिजत घातलं होतं. लाकडाला ठिणगीने दोऱ्याने नेच्याची रोपं बांधली. मागच्या बाजूला शंकासुराने चिमट्याने रिबिनीसारख्या लांब पानांची झाडं रोवली. त्यातली अर्धी लगेच उपटून वर आली, तेव्हा तो जे बोलला ते आजोबांना ऐकू आलं नाही तेच बरं झालं.

मग हवेचा पंप फडताळावर ठेवला, त्याची नळी पाण्यातल्या स्पंजाला जोडली आणि बुडबुड सुरू झाली.

"आता मासे!" ठिणगीने उडीच मारली.

"मुळीच नाही," कप्तान म्हणाली. "आधी टाकी पिकायला हवी."

"टाकी काय आंबा आहे?"

"माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी वाढावे लागतात. नाहीतर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात."

शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाईंनी त्यांच्या टाकीतला जुना, मळका स्पंज दिला, म्हणून जिवाणू लवकर वाढले. तपासणीच्या थेंबांनी पाण्याचा रंग जसा यायला हवा तसा आला, आणि मगच लाल-निळ्या पट्ट्यांचे इवलेसे मासे आणि काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या टाकीत उतरल्या.

मासे थवा करून लाकडाभोवती फिरले. आजोबांची नजर भिंतीवरून सरकली. त्यांचं बोट उचललं गेलं आणि माशांच्या मागे हळूहळू फिरू लागलं. एक मासा मागे रेंगाळत होता. आजोबांचे ओठ हलले.

"पाय... पाय मार!"

"आजोबा, माशांना पाय नसतात!" ठिणगी किंचाळली, आणि मग तिघंही हसत रडायला लागली.

त्यानंतर काही दिवस आजोबा रोज एखादा शब्द बोलायचे. मग एका सकाळी मुलं आली तर कोळंब्या वाळूवर आडव्या पडल्या होत्या. मासे पाण्यावर उलटे तरंगत होते, सगळेच्या सगळे. आजोबा टाकीसमोर बसून बघत होते. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.

"जास्त खायला घातलं असणार," व्यवस्थापक म्हणाले. "शेवटी मुलांचाच कारभार!"

कप्तानला ते खरंच वाटलं. ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. पण हार मानायला ती तयार नव्हती. पाणी बदललं, पुन्हा तपासलं. दुकानातल्या बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं आणि मग पुन्हा मासे आणि कोळंब्या दिल्या. या वेळी खाणं घालायचं काम शंकासुराकडे होतं, आणि तो चिमटीतले कण जवळजवळ मोजूनच टाकायचा.

तरीही आधी कोळंब्या मेल्या, मग मासे. सगळे!

आजोबांनी टाकीकडे पाठ केली. त्यानंतर ते बोलले नाहीत. त्यांना खोकला लागला, आधी साधा, मग थांबेचना. छाती वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय." रुग्णवाहिका आली आणि स्ट्रेचरवरून त्यांना घेऊन गेली. नाकातोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले होते.

"टाकी उद्यापर्यंत हलवा," व्यवस्थापक म्हणाले. "मेलेले मासे बघून इथली माणसं खचतात."

तिघं रिकाम्या खुर्चीसमोर बसली.

"माझंच चुकलं," कप्तान शेवटी म्हणाली. तिचा हुकमी आवाज कुठल्याकुठे गेला होता. "मी त्यांना आशा दाखवली आणि तीच मारून टाकली. तीही दोनदा. त्यापेक्षा भिंतच बरी होती."

"असं नको ना बोलू," ठिणगी म्हणाली, पण तिच्याही आवाजात धग नव्हती.

शंकासुराने झाडं काढायला पाण्यात हात घातला आणि तो तसाच थांबला.

"कप्तान, या झाडांना नवी रोपं फुटलीत."

"फुटू देत."

"अगं बघ तर! पानांवर बुडबुडे आहेत. नेच्याला कोवळी पानं आलीत. टाकीत सगळं विष आहे, तर झाडं का नाही मेली?"

कप्तानने मान वर केली.

"असं काय असतं, जे झाडांना काही करत नाही, पण मासे आणि कोळंब्या मारतं? आणि कोळंब्या आधी?" शंकासुर आता उभाच राहिला. "कोळंबीचे नातेवाईक कोण? किडे!"

"कीटकनाशक!" कप्तान पुटपुटली.

तिघं चवड्यांवर बसून खोलीभर शोधू लागली. फडताळामागे मेलेली झुरळं, पाय वर केलेली. खिडकीच्या चौकटीत माश्या. कोपऱ्यातल्या जाळ्यात कोळीसुद्धा मेलेला! खोलीला मात्र लिंबाचा छान वास येत होता. जरा जास्तच छान.

"पण टाकीवर तर झाकण होतं," ठिणगी म्हणाली. "पाण्यात गेलं कसं?"

शंकासुराने पंपाकडे बघितलं. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडत होता, न थांबता. त्याने पंपाच्या बुडाची, हवा गाळणारी लोकरीची चकती काढून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. तिला लिंबाचा वास नव्हता. उग्र, घशात बसणारा वास होता.

"पंपाने ते ओढून ओढून पाण्यात घातलं," तो म्हणाला.

"आणि आजोबांनी छातीत," कप्तान म्हणाली.

व्यवस्थापकांना विचारलं तर ते भडकलेच. "फवारणी? इथे? कधीच नाही! सिस्टरना विचारा!" निवासातल्या सिस्टरना खरंच काही माहीत नव्हतं. सकाळी नाश्त्याला त्या सगळ्यांना जेवणघरात घेऊन जात, तेव्हा खोली रिकामी असायची.

"खोटं बोलतायत!" ठिणगीचे कान लाल झाले. "मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना!"

"आणि कोण ऐकेल? मुलांचाच कारभार!" कप्तान उठली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज परत आला होता. "पुरावा हवा. दोघं माश्या मारत नका बसू, कान इकडे करा."

तिने अध्यक्षबाईंना फोन केला. "टाकी उद्या काढणार आहोत. त्याआधी एकदा बघायला याल का? सकाळी?" बाई हो म्हणाल्या.

मग ठिणगीने व्हरांड्यात बोंब ठोकली. "झुरळ! ई! केवढं मोठं! आणि उद्या अध्यक्षबाई येणार आहेत!"

"हळू बोल!" व्यवस्थापक धावत आले. "कुठे? कोणी बघितलं?" त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे आपणच त्यांना फवारायला लावतोय," शंकासुर कुजबुजला.

"ते तसेही फवारणारच. फक्त उद्या आत कोणी श्वास घेणार नाही. ते आपण बघायचं."

शंकासुराने शाईच्या पेनाने कागदांवर दाट रेघा मारल्या आणि ते कागद फडताळावर आणि टाकीमागे पसरून ठेवले. वर बारीक थेंब पडले, की शाई फुटणार होती.

सकाळी तिघं अंगणातल्या बाकामागे लपली. निवासातली माणसं नाश्त्याला गेली, आणि तोंडाला फडकं बांधलेला, पाठीवर फवाऱ्याची टाकी घेतलेला एक माणूस मागच्या दाराने आत शिरला. खिडक्या धडाधड बंद झाल्या. थोड्या वेळाने तो बाहेर आला, टाकी खाली ठेवून नळावर हात धुऊ लागला. ठिणगी मांजरीसारखी सरपटत गेली आणि तशीच परत आली. मुठीत काहीतरी होतं.

"काय आणलंस?"

"गंमत!"

नाश्ता करून काठ्या टेकत माणसं परत आली, तर दारात तिघं मुलं मांडी घालून बसलेली.

"काय रे हे? वाट का अडवलीत?" एका आजींनी विचारलं.

"आत्ता आत जाऊ नका आजी. पाया पडते," कप्तान म्हणाली.

"उठा! काय तमाशा लावलाय!" व्यवस्थापक ओरडले, तेवढ्यात फाटकातून अध्यक्षबाई आल्या. व्यवस्थापकांचा आवाज लगेच मधाळ झाला. "या मॅडम. आजोबा आजारी आहेत ना, मुलांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आत चला, बघा कशी प्रसन्न हवा आहे!"

"प्रसन्न हवा आहे, तर खिडक्या बंद का?" ठिणगीने विचारलं.

शंकासुराने तोंडाला रुमाल बांधला, तो श्वास धरून आत पळत गेला आणि कागद घेऊन बाहेर आला. रेघांवर जागोजागी निळे डाग फुटले होते.

"खोलीत औषध फवारलंय," तो धापा टाकत म्हणाला. "टाकीतले मासे दोनदा मेले ते यानेच. आजोबा रोज याच खोलीत बसायचे."

"कोणीतरी पाणी शिंपडलं असेल!" व्यवस्थापक म्हणाले. "मॅडम, मी शपथेवर सांगतो, या इमारतीत कधीही..."

"साहेब," मागून आवाज आला. फडकं बांधलेला माणूस होता तो, पाठीवर टाकी घेतलेला. "माझ्या टाकीचं झाकण दिसलं का कुठे? मघापासून शोधतोय."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. ठिणगीने मूठ उघडली. "हे घ्या काका. औषध किती घालता हो तुम्ही?"

"साहेबांनी दुप्पट सांगितलंय," तो सरळपणे म्हणाला. "खिडक्या लाव म्हणाले, आणि वर लिंबाचं अत्तर. वास नको यायला."

"आणि तुम्ही तोंडाला फडकं का बांधता?" कप्तानने विचारलं.

"छातीला त्रास होतो ना." एवढं बोलून त्याने काठ्या टेकून उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं आणि तोंडावरचं फडकं काढून हातात घेतलं.

अध्यक्षबाईंनी स्वतः रुमाल लावून आत जाऊन खिडक्या उघडल्या. व्यवस्थापकांना त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढलं, आणि फवारलेल्या औषधाचा डबा घेऊन त्या सिस्टरबरोबर आजोबांच्या डॉक्टरांकडे गेल्या. संध्याकाळी अंगणात त्यांनी सगळ्यांसमोर तिघांना उभं केलं. "या मुलांनी आपल्या सगळ्यांना वाचवलंय!" निवासातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शंकासुराची पाठ थोपटली.

"शाबासकीने मासे जिवंत होतात का?" ठिणगी फटकन म्हणाली. "आणि आजोबा?"

टाळ्या थांबल्या. अध्यक्षबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "नाही होत बाळा," त्या म्हणाल्या. "मी इथे महिनोन्‌महिने फिरकले नाही. दुरून फोन करत राहिले. ते भरून येणार नाही."

मुलं रुग्णालयात गेली. आजोबा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. कप्तानने त्यांना सगळं सांगितलं, पंपाचं, शाईचं, झाकणाचं. त्यांची नजर हलली नाही. मास्कमध्ये वाफ धरायची, विरायची.

डॉक्टर आत आले. "तुमच्यामुळे कळलं आम्हाला, कशावर उपचार करायचे ते," ते म्हणाले. "फार हुशारी दाखवलीत."

"ते आधी कळलं असतं तर?" कप्तानने विचारलं. "पहिल्यांदा मासे मेले, तेव्हाच?"

डॉक्टरांनी मास्कची नळी तपासली. "कदाचित," ते म्हणाले. "आता फुप्फुसं किती सावरतील, मला खरंच सांगता येत नाही."

भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजली. शंकासुराने काही विचारलं नाही. ठिणगी भिंतीला टेकून उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. कप्तानने आजोबांचा हात हातात घेतला. एवढा मोठा हात, पण त्याला वजनच नव्हतं.

"आम्ही अजून थोडं बसू?" तिने तिथल्या सिस्टरना विचारलं.

सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं, मग दार लोटून घेतलं आणि कोपऱ्यातली आणखी दोन स्टुलं खाटेजवळ ओढून दिली.