मनुआजीची होडी

खळ्ळ् करून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. उत्कर्षाने वळून पाहिलं. सहा वर्षांचा साईराज सगळा चिवडा परातीत ओतून रिकामा डबा पोटाशी धरून उभा होता.

"ताई, होडीला हा पण बांधू या."

"डबे वाढवून काही होणार नाही रे," उत्कर्षा कुजबुजली.

उद्या भाऊबीज. मनुआजीचे भाऊ, सयाजीआजोबा, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापलीकडे पाय मोडून बसलेले. लाँच दुरुस्तीला गेलेली. रस्त्याने जायचं तर तीन तासांची वळणं, आणि आजीला गाडी लागते. म्हणून धनाजीमामाने कुठूनशी एक जुनी, लांबट, अरुंद होडी आणली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना निळे कॅन घट्ट आवळले होते. तरी सकाळपासून ती तीनदा उलटली. "होडीच खोटी हाय. उद्या भंगारात," म्हणून मामा घोरत पडला होता.

लाइफ जॅकेटं अडकवून दोघं आणि मामाचा राजवर्धन पाण्यावर पोचले. उत्कर्षाने कॅन हलवून पाहिले. आत थेंबभर पाणी नाही. मग होडी उलटते कशी?

"राजा, मामाने कॅन असे चिकटवून का बांधलेत?"

"आमी पवायला शिकताना पाठीला डबा आसाच आवळत्यात. सैल ठिवला तर निसटतो की."

"पाठीला ठीक आहे. पण साईच्या सायकलची बाजूची चाकं आठव. आत वाकली होती तेव्हा हा रोज पडायचा."

"रोज नाही," साईराज म्हणाला. "सोमवारी नव्हतो पडलो."

मंडपाचे दोन बांबू आले. ते होडीवर आडवे टाकून त्यांनी ट्यूबच्या रबराने आवळले आणि दोन्हीकडे चांगले दोन-दोन हात बाहेर काढून टोकांना कॅन बांधले. पहिल्यांदा कॅन फार खोल गेले. होडी चिखलातल्या म्हशीसारखी जागची हलेना. मग वर घेतले, पाण्याला जेमतेम टेकतील इतके. होडीचा दोर झाडाला बांधून राजवर्धन आत चढला आणि चक्क नाचला. होडी झुलली, पण उलटली नाही!

"कुणी हात लावला रं होडीला?" मामा धावत आला.

"मामा, तूच उलटवून दाखव," उत्कर्षा म्हणाली. "उलटली तर भंगारात."

मामाने होडीच्या कडेवर एक पाय दाबला. मग दोन्ही. शेवटी त्याने उडीच मारली आणि स्वतःच धपकन कमरेभर पाण्यात बसला. होडी डुलत राहिली.

"पप्पा," राजवर्धन म्हणाला, "आता भंगारात कुणाला द्यायचं?"

सकाळी ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन आजी होडीत बसली. मामा वल्हवत होता, उत्कर्षा साईराजला धरून होती. मध्यावर आल्यावर आजीने पाण्यात बोटं बुडवली.

"हितंच खाली आमचं जुनं घर. धरणात गेलं. तवा मी तुझ्याएवढी हुते, साई."

मग ओली बोटं पदराला पुसून तिने ताट पुन्हा नीट धरलं.

आजोबा कुबडी टेकून काठावर उभे होते. ओवाळून झाल्यावर आजीने उत्कर्षाच्या गालावरून हात फिरवला. "दादा, ह्या पोरीनं मला तुज्याकडं आणलं बघ."

"व्हय," मामा म्हणाला. "डोकं तिचं, दंड माझं. आन् बांधायचं मी शिकलो."

आजोबा हसले. बहीणभाऊ एकाच वाटीतले लाडू खाऊ लागले. साईराज मात्र पाण्याकडेच बघत होता. त्याने उत्कर्षाची ओढणी ओढली.

"ताई, घर खालीच होतं, तर आजीने होडी थांबवायला का नाही सांगितलं?"