मला फक्त मनगट हवंय

हृदयाचे डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई आहे हे दिसताच रामदासरावांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"अँजिओप्लास्टी नको. मरू द्या मला," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. खडकीच्या क्वार्टर्समधल्या त्यांच्या शेजाऱ्याला नळी मांडीतून घातली होती. कपडे काढायचे, मग दिवसभर उताणं पडून राहायचं... जन्मभर कारखान्यात ताठ मानेनं वावरलेल्या माणसाला हे कसं सोसावं?

त्यांचा मुलगा अभय खाटेजवळच होता. आई गेल्यापासून त्याला बाबाच काय ते उरले होते. हिंजवडीत भल्याभल्या क्लायंटना पटवणारा हा गडी वडिलांपुढे मात्र हात टेकून बसला होता.

"काका, पांघरूण राहू द्या," डॉक्टर शर्मिला शांतपणे म्हणाली. "मला फक्त मनगट हवंय."

मनगटातून थेट हृदयापर्यंत? तेव्हा हे नवंच होतं. पांघरूण बोटभर खाली आलं.

"आणि हाताची नस बंद पडली तर?"

"हाताला दोन धमन्या असतात. दाखवते." ती अभयकडे वळली. "तुम्ही या. मूठ आवळा."

तिनं त्याच्या मनगटावर दोन्हीकडून दाब दिला. मूठ उघडली, तर तळवा पांढराफटक! मग तिनं एका बाजूचं बोट उचललं... आणि लाली हळूहळू परत आली. "बघा काका, एकीवरही हाताचं भागतं."

तळव्याबरोबर अभयचे कानही लाल झाले होते.

"कान तपासायचे नव्हते," ती म्हणाली.

रामदासराव खुदकन हसले, आणि पांघरुणातून त्यांचा उजवा हात बाहेर आला.

तासाभरानं ऑपरेशनच्या खोलीचं, कॅथलॅबचं दार उघडलं तेव्हा शर्मिलाचं कपाळ घामेजलं होतं. "स्टेंट बसला. चहा मागतायत."

मनगटाला पट्टा बांधलेले बाबा चक्क उठून बसले होते, डाव्या हातानं कप सावरत! अभयला रडूच कोसळलं. केवढ्याशा वाटेनं तिनं त्याचा बाप परत आणला होता! तिच्या हातांवरून त्याची नजर हटेना.

घरी सोडायच्या दिवशी त्यानं तिच्या केबिनचं दार वाजवलं.

"आता काय?"

"मनगट... दुखतंय."

"तुमचं? तुम्हाला मी काहीच केलेलं नाही."

"केलंय हो," अभय धीर करून म्हणाला. "मला तुम्ही फार आवडता. बाबा बरे झाले, यायला निमित्त उरलं नाही — म्हणून आजच सांगतोय."

तिनं समोरची फाइल मिटली. मग बाही वर सरकवून तिनं आपलं मनगट टेबलावर ठेवलं. "बघा."

त्याची बोटं चाचपडत राहिली. "नाडी लागत नाहीये..."

"अंगठ्याच्या बाजूला. हां..."

नाडी सुसाट धावत होती. "एवढी जोरात?"

"तुम्ही दार वाजवलंत तेव्हापासून," शर्मिला म्हणाली. या खेपेला कान तिचे लाल झाले होते, आणि हात तिनं मागे घेतला नाही.