दोन सेकंद

कुंदाचा देह सापडल्याचा निरोप बुधवारी सकाळी अकराला आला. तिचे पती मनोहर ढेरे प्रयोगशाळेतच होते. निरोप डोंगराखालच्या तळामार्गे, त्यांनीच घडवलेल्या लघुपल्ल्याच्या रेडिओवरून आला आणि त्याबरोबर नकाशावर दरीतला ठिपका उमटला. पायवाटेपासून जेमतेम सत्तर मीटर. ती ज्यांच्याबरोबर डोंगरात गेली होती ते पथक मात्र रविवारपासून खिंडीच्या पलीकडे शोधत होतं.

दहा दिवसांनी पथकाचा म्होरक्या रंगनाथ आवटे भेटायला आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, वहिनी सगळ्यात मागं होत्या. मागचा माणूस रेडिओवर बोलत नाही आमच्यात. मी विचारायचं, 'शेपूट, ठीक?' त्यांनी दोनदा बटण दाबायचं. खर्र, खर्र. की आम्ही पुढं. पाच वाजेपर्यंत उत्तर येत होतं हो! मागून चालतायत असंच धरलं आम्ही. मग ठिपका का नाही उमटला?"

ढेरेंची सहकारी इरावती सबनीस हिने सांगितलं, "बटणाला धक्का लागला की दर वेळी स्थान पाठवायचं म्हटलं तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून दाब दोन सेकंदांपेक्षा कमी असला की संच तो चुकून लागलेला धक्का समजतो. खरखर जाते, स्थान जात नाही."

"न बोलता नुसतं दाबून धरलं असतं तर?"

"दोन सेकंद धरलं तर जातं."

"हे त्यांना कुठं माहीत असणार," रंगनाथ म्हणाला.

कुंदाला माहीत होतं. पहिला संच घरी आणला तेव्हा तिनेच तो स्वयंपाकघरात तपासून पाहिला होता. "अगदी तुमच्यावर गेलाय," ती हसली होती. "दोन सेकंद वाट बघायला लावल्याशिवाय कुठे आहे ते सांगायचं नाही."

रंगनाथ गेल्यावर ढेरे म्हणाले, "तळावरच्या नोंदीत प्रत्येक दाबाची लांबी असते. दाखव."

"सर, नको."

"दाखव, इरावती."

सकाळचे सगळे दाब सारखे होते. ०.३ सेकंद, ०.३ सेकंद. दुपारी एक चाळीसला ०.९ आणि ०.८. ती तेव्हाच पडली असणार, बोलताही येत नसणार; धरलेलं बोट निसटलं होतं, तिने पुन्हा दाबलं होतं. पुढच्यांना दोनदा खरखर ऐकू आली होती. त्यानंतर १.१, १.०. मग १.४, १.२. रंगनाथ विचारत होता, ठीक? तीन तास वीस मिनिटं ती बटण धरून ठेवायचा प्रयत्न करत होती. शेवटचा दाब पाचला. एकच. १.९.

"ही मर्यादा कोणी ठरवली होती?" इरावतीने विचारलं. ती तेव्हा नोकरीत नव्हती.

"मीच. एक सेकंदही चाललं असतं. बॅटरी अर्धा तास कमी टिकली असती."

आकडा बदलायला प्रत्येक संच परत आणून उघडावा लागतो. तीनशे बारा संच डोंगरांत फिरताहेत. अजून एकही परत आणलेला नाही.